टर्बो रोटरी इंजिनाची पुनर्बांधणी आणि अ‍ॅपेक्स सीलची निवड : रत्नागिरीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी तालुक्यातील एका तरुण आंबा बागायतदारांकडे माझ्दा कंपनीची आरएक्स-७ ही गाडी आहे. १९८५ साली आलेल्या दुसऱ्या पिढीतील, १९८९ नंतरच्या सुधारित आवृत्तीची ही गाडी त्यांनी मुंबईतील आधीच्या मालकाकडून रीतसर नोंदणीसह घेतली. तिच्यात १३बी जातीचे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बसवलेले रोटरी इंजिन आहे. मार्च ते मे या हंगामात मालकांना बागेतून मान वर करायला सवड नसते आणि जून ते सप्टेंबर कोकणातल्या पावसात ते गाडी बाहेर काढत नाहीत. त्यामुळे गाडी मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात चालते आणि वर्षाचे उरलेले महिने खाऱ्या, दमट हवेत उभी राहते. पुढच्या निर्णयांमध्ये या गोष्टीला बरेच महत्त्व आले.

इंजिनाचे काम ज्यांनी केले ते मेस्त्री मूळचे मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनांचे कारागीर. बेअरिंग बसवणे, लायनरची झीज ओळखणे, इंजेक्शन पंपाचे टायमिंग लावणे यांत त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. रोटरी इंजिन मात्र त्यांनी यापूर्वी उघडले नव्हते. मोजमापे घेऊन ती कागदावर मांडण्याचे काम माझ्याकडे होते. मालक आणि मेस्त्री यांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. मध्ये किंचित चेपलेल्या लंबगोल घरात, म्हणजे रोटर हाउसिंगमध्ये, फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना तीन स्वतंत्र कक्ष तयार होतात. १३बी इंजिनात असे दोन रोटर असून प्रत्येकाची क्षमता ६५४ घन सेंटिमीटर, म्हणजे एकूण १३०८ घन सेंटिमीटर आहे. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक खाच असते, त्या खाचेत २ मिलिमीटर जाडीची धातूची पट्टी असते, आणि पट्टीखाली तिला हाउसिंगच्या भिंतीवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा असतात. ही पट्टी म्हणजेच अ‍ॅपेक्स सील. शेजारच्या दोन कक्षांमधला सगळा दाब या एकाच पट्टीवर थांबतो. पिस्टनला एकामागे एक रिंगांचा जो आधार असतो, तो येथे नाही.

या पट्टीला किती सोसावे लागते याचा अंदाज साध्या भूमितीवरून येतो. १३बी रोटरची त्रिज्या १०५ मिलिमीटर आणि शाफ्टची उत्केंद्रता (रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून जितका सरकलेला असतो ते अंतर) १५ मिलिमीटर आहे. शाफ्ट मिनिटाला ७००० फेरे घेत असताना रोटर त्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो, आणि तरीही सील भिंतीवरून सेकंदाला सरासरी २७ मीटर, तर काही जागी ३६ मीटरहून अधिक वेगाने घासत जाते. शिवाय ते भिंतीशी कायम काटकोनात राहत नाही. प्रत्येक फेरीत ते दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत कलते, म्हणूनच त्याची घासणारी कड गोलाकार ठेवलेली असते. भिंत अ‍ॅल्युमिनियमची असली, तरी तिच्या आत पोलादी पत्र्याचे अस्तर आणि त्यावर कठीण क्रोमचा मुलामा असतो. सीलची निवड करताना या क्रोमचा विचार सीलइतकाच करावा लागतो, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

अडचण

डिसेंबरमध्ये मालक कोल्हापूरला निघाले होते. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढत असताना, अर्ध्याहून अधिक चढ झाल्यावर इंजिनाची ताकद एकाएकी गेली. थांबल्यावर इंजिन ठरावीक लयीत धडधडत होते, आणि एकदा बंद पडल्यावर ते मोठ्या मिनतवारीने सुरू झाले. मालकांनी गाडी तिथून पुढे रेटली नाही, उचलूनच परत आणली. हा निर्णय योग्य होता. तुटलेल्या सीलचा तुकडा आत असताना इंजिन जितके चालवावे तितके हाउसिंग खरवडले जाते.

पहिली गफलत तपासणीत होण्याच्या बेतात होती. एका गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे कक्षात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजणारा नेहमीचा गेज लावून दोन्ही रोटरचे कॉम्प्रेशन ठीक असल्याचे सांगितले गेले आणि प्लग, कॉइल, फिल्टर बदलण्याचा सल्ला मिळाला. पिस्टन इंजिनासाठी बनवलेल्या गेजमध्ये एकमार्गी झडप असते आणि ती सर्वांत जास्त दाब धरून ठेवते. रोटरी इंजिनात एकाच प्लगच्या भोकासमोरून तीन वेगवेगळे कक्ष जातात. त्यांतला एक जरी चांगला असला तरी गेज त्याचाच दाब दाखवतो आणि उरलेले दोन झाकले जातात. रोटरीसाठीचे उपकरण तिन्ही कक्षांचे आकडे वेगवेगळे देते. ते जवळ नसेल, तर गेजमधली झडप काढून काट्याच्या तीन उसळ्या सारख्या येतात का ते पाहता येते.

योग्य उपकरणाने, मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबाने, पुढच्या रोटरचे आकडे चौरस सेंटिमीटरला ७.१, ६.९ आणि ७.० किलो असे आले. मागच्या रोटरचे आकडे ६.६, २.१ आणि २.४ होते. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे किमान मर्यादा ६.० आहे आणि एकाच रोटरच्या तीन कक्षांत १.५ पेक्षा जास्त फरक चालत नाही. शेजारचे दोन कक्ष पडलेले आणि तिसरा शाबूत, याचा अर्थ त्या दोघांमधले सील गेले आहे. इंजिन न उघडताच एवढे निश्चित सांगता आले.

उघडल्यावर काय दिसले

मागच्या रोटरचे एक सील एका टोकापासून सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर तुटले होते. तुटलेला तुकडा एक्झॉस्टमधून निसटून टर्बोच्या टर्बाइन चाकाला लागला होता आणि दोन पात्यांच्या कडा वाकल्या होत्या. त्याच रोटरच्या दुसऱ्या सीलला, सीलच्या टोकाशी वेगळा बसवलेला असतो त्या छोट्या त्रिकोणी तुकड्याजवळ, बारीक तडा होता. मागच्या हाउसिंगच्या क्रोमवर नखाला लागेल असा खोल चरा होता. ते हाउसिंग पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते. पुढच्या हाउसिंगचे क्रोम चांगले होते, फक्त एका काठाला मुलाम्याची खपली निघू लागली होती आणि ती सीलच्या मुख्य घासपट्ट्याबाहेर होती.

पुढच्या रोटरच्या सीलची उंची ७.६ मिलिमीटर भरली. नवीन सील ८ मिलिमीटरचे असते आणि ६.५ ला बाद होते, म्हणजे झीज बेताचीच होती. नवीन सील घालून खाचेतला गाळा, म्हणजे सील आणि खाच यांमधली मोकळी जागा, मोजला. पुस्तिकेत तो सुमारे ०.०६ ते ०.१० मिलिमीटर दिला आहे आणि मर्यादा ०.१५ आहे. पुढच्या रोटरच्या तिन्ही खाचा ०.०८ ते ०.०९ मध्ये बसल्या. मागच्या रोटरच्या दोन खाचा ०.१० च्या आसपास होत्या, तर तुटलेल्या सीलची खाच एका टोकाला ०.१७ पर्यंत उघडली होती. या एका आकड्याने पुढचा निम्मा वाद ठरवला.

सील का तुटले, हे ठरवल्याशिवाय नवे सील निवडू नये, असा माझा आग्रह होता. झिजलेले सील हळूहळू गळते. ते असे मधूनच तुटत नाही. मधून तुटलेले सील हे बहुतेक वेळा डिटोनेशनचे लक्षण असते, म्हणजे मिश्रण ठिणगीने शिस्तीत जळण्याऐवजी कक्षाच्या कोपऱ्यात स्वतःहून पेटते आणि दाबाची लाट सीलवर आदळते. पिस्टन इंजिनात असे ठोके बसले तर आवाज येतो आणि चालक सावध होतो. टर्बो रोटरीत मात्र ऐकू येण्याआधीच काम तमाम झालेले असू शकते.

कारणे तीन दिशांनी आली होती. आधीच्या मालकांनी मोकळा, मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट लावला होता. या पिढीच्या गाडीचे वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, लहान आहे. एक्झॉस्ट मोकळा केला की जास्तीचा वायू वेस्टगेटमधून पुरेसा निघत नाही आणि लांब चढावर बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, आपोआप वर सरकत जातो. घाटात काटा ०.९ बारपर्यंत गेल्याचे मालकांना आठवत होते. एरवी तो ०.५५ च्या आसपास असे. दुसरे कारण इंधनाचा मूळचा जुना पंप. बूस्ट वाढला की त्याचा पुरवठा कमी पडत होता.

तिसरे कारण पेट्रोलचे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. याचा अर्थ, जुन्या हिशेबावर चालणारा इंजिनाचा संगणक तेवढेच इंधन टाकत राहिला तर मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी पातळ होते, आणि पूर्ण भारावर ऑक्सिजन सेन्सरकडे न पाहता ठरलेल्या तक्त्यावर चालणारा हा जुना संगणक ती तूट भरून काढत नाही. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे स्वतःहून न पेटण्याची इंधनाची क्षमता, वाढते हे खरे आहे आणि तेवढा त्याचा फायदाही होतो. परंतु वाढता बूस्ट, थकलेला पंप आणि पातळ मिश्रण एकत्र आल्यावर तो फायदा अपुरा पडला.

विचारात घेतलेले पर्याय

मालकांची पहिली इच्छा स्पष्ट होती: पुन्हा कधीच तुटणार नाही असे सील. खर्चाची त्यांची तयारी होती. इंजिन उघडण्याआधीच परदेशातून ३ मिलिमीटरचा संच मागवायचे त्यांच्या मनात होते; मोजमापे होईपर्यंत थांबण्याची विनंती त्यांनी मान्य केली.

कंपनीचे मूळ सील विशेष ओतीव लोखंडाचे असते आणि त्याची घासणारी कड इलेक्ट्रॉन किरणाने तापवून लगेच थंड करून कडक केलेली असते. क्रोमशी त्याचे जमते. तेलाचा पातळ थर मिळत राहिला तर सील आणि हाउसिंग दोन्ही दीर्घकाळ टिकतात. दोष एकच, पण मोठा: ते ठिसूळ आहे. डिटोनेशनच्या धक्क्याला ते वाकत नाही, तुटते, आणि तुटताना हाउसिंग आणि टर्बाइन यांनाही सोबत नेते.

दुसरा पर्याय इतर उत्पादकांच्या, तुलनेने मऊ आणि चिवट पोलादी सीलचा. ही सीले धक्क्याला वाकतात. वाकलेले सीलही बदलावेच लागते, पण हाउसिंग आणि टर्बो वाचण्याची शक्यता बरीच वाढते. मेस्त्रींचा कल याच बाजूला होता आणि त्यांचे कारण विचार करायला लावणारे होते. आपल्या भागात पंपागणिक पेट्रोलचा दर्जा बदलतो, पावसाळ्यात त्यात पाणी शिरण्याचा धोका असतो, आणि घाट तर चुकत नाहीत; अशा ठिकाणी चूक माफ करणारा भाग घ्यावा, असे ते म्हणत. याची किंमत अशी की अशी सीले स्वतः लवकर झिजतात किंवा क्रोम लवकर झिजवतात, उष्णतेने किंचित वाकली तर कॉम्प्रेशन उतरते आणि इंजिन सुरू होण्यास त्रास देते. उत्पादकागणिक गुणवत्तेत फरकही पुष्कळ पडतो.

तिसरा पर्याय खाचा रुंद करून ३ मिलिमीटरची सीले बसवण्याचा. १९८५ पर्यंतच्या १३बी इंजिनांत सील मुळात ३ मिलिमीटरचेच होते, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. आणि मागच्या रोटरची एक खाच मर्यादेबाहेर गेलेली असल्याने ती कापून नीट करणे सोयीचेही दिसत होते. जाड सील धक्का अधिक सोसते यात शंका नाही. तरीही मी या पर्यायाच्या विरोधात होतो. एकदा खाच कापली की रोटर कायमचा ३ मिलिमीटरचा होतो. दुसरे असे की सील जड होते. सीलचे वस्तुमान आणि त्याची कंपने यांचा प्रश्न या इंजिनाइतकाच जुना आहे. १९६० च्या दशकात केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली माझ्दाचे अभियंते रोटरी इंजिनावर काम करत होते, तेव्हा हाउसिंगच्या भिंतीवर ओळीने ओरखडे उमटत आणि त्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. सील भिंतीवरून घासत जाताना स्वतःच्या कंपनसंख्येने थरथरत असे आणि भिंतीवर आपटत असे. सीलला आडवी-उभी छिद्रे पाडून ती कंपनसंख्या बदलल्यावर ओरखडे आटोक्यात आले, आणि १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट गाडीत अ‍ॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सीले वापरली गेली. त्या काळच्या जर्मन एनएसयू कंपनीच्या आरओ-८० गाडीचे नाव सीलच्या तक्रारींमुळेच खराब झाले होते. या इतिहासाचा आपल्या निवडीशी संबंध इतकाच की सीलचा टिकाऊपणा केवळ जाडीने आणि कडकपणाने ठरत नाही. भिंत, तेल, वजन आणि वेग यांच्याशी त्याचे जमते का, यावर ठरतो.

सिरॅमिकचा विचारही झाला, कारण मालकांना १९९१ सालच्या ल मान्स शर्यतीतील विजेत्या माझ्दा ७८७बी गाडीची माहिती होती आणि तिच्या चार रोटरच्या इंजिनात सिरॅमिक सीले होती हेही त्यांना ठाऊक होते. सिरॅमिक सील हलके, अतिशय कठीण आणि उष्णतेला न जुमानणारे असते. परंतु ते इंजिन टर्बोविना होते, शर्यतीसाठी नव्या भागांनी जुळवलेले होते आणि शर्यतीनंतर उघडले जाणार होते. आपल्याकडे एक हाउसिंग वापरलेले, त्याच्या काठाची खपली निघालेली. किंमत मूळ संचाच्या कित्येक पट, आणि डिटोनेशनमध्ये तुटले तर त्याचे तुकडे लोखंडाच्या तुकड्यांपेक्षा घातक. कार्बनचा विचार दोन मिनिटांत संपला. बूस्टच्या दाबाला ते पुरे पडत नाही.

एक पर्याय मात्र घरचा होता आणि त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेस्त्रींच्या ओळखीचे ग्राइंडिंगचे उत्तम कारागीर आहेत. सील म्हणजे शेवटी एक पट्टी. ईएन-३१ हे बेअरिंगचे पोलाद घ्यावे, कडक करावे, सरफेस ग्राइंडरवर मापाला आणावे, आणि परदेशी संचाची वाट पाहूच नये, असा प्रस्ताव होता. मापाबद्दल मला जराही शंका नव्हती. मिलिमीटरचा शंभरावा भाग तिथे रोज सांभाळला जातो. अडचण धातूच्या जोडीची होती, आणि ती मेस्त्रींनीच दाखवून दिली. बोटीच्या इंजिनात क्रोमच्या लायनरमध्ये क्रोमची रिंग घालत नाहीत, कारण दोन कठीण पृष्ठभाग तेल कमी पडताच एकमेकांना चिकटून फाटतात, हे त्यांच्या हाताखालून अनेकदा गेलेले होते. ओतीव लोखंडात ग्राफाइट असते. ते तेल धरून ठेवते आणि तेल क्षणभर कमी पडले तरी घर्षण सांभाळते. कडक पोलादाची साधी पट्टी क्रोमवर तसे वागेल याची खात्री देणारी कोणतीही चाचणी आमच्याकडे नव्हती, आणि मालकांचे इंजिन ही चाचणीची जागा नव्हे, यावर तिघांचे एकमत झाले.

निर्णय

शेवटी निवड दोन पर्यायांत उरली: कंपनीचे मूळ २ मिलिमीटरचे सील किंवा त्याच जाडीचे चिवट पोलादी सील. आम्ही मूळ सील घेतले.

यामागचा विचार असा. चिवट सील डिटोनेशन थांबवत नाही. ते फक्त पहिला तुटणारा भाग बदलते. ठोके चालूच राहिले तर आज सील वाकेल, उद्या रोटरवर खड्डे पडतील किंवा मधल्या लोखंडी प्लेटला तडा जाईल. घाटातला बूस्ट, इंधनाचा पुरवठा आणि मिश्रण या तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्याजोग्या होत्या, आणि त्या दुरुस्त केल्यास मूळ सीलचा दोष उघडा पडण्याचे कारण राहत नव्हते. त्याचे गुण, म्हणजे कमी झीज, थंड असताना चांगले कॉम्प्रेशन आणि पुढचे हाउसिंग सांभाळून राहणे, तेवढे पदरात पडणार होते. मालकांना बूस्ट ०.५५ बारच्या वर न्यायचा नव्हता, हा मुद्दा निर्णायक ठरला. त्यांना दुप्पट ताकद हवी असती तर मी मेस्त्रींच्या बाजूने गेलो असतो.

मेस्त्रींनी हा निर्णय एका अटीवर स्वीकारला. मिश्रण आणि इंधनाचा दाब चालकाला डोळ्यांसमोर दिसला पाहिजे, आणि बिघाड झाल्यास बूस्ट आपोआप तोडला गेला पाहिजे. ही अट आमच्या मूळ आराखड्यात नव्हती आणि तिने आराखडा सुधारला.

केलेली कामे

मर्यादेबाहेरची खाच असलेला रोटर बाद करून वापरलेला पण मापात बसणारा दुसरा रोटर मागवला. येथे दोन गोष्टी पाहाव्या लागतात. या इंजिनाच्या १९८९ आधीच्या टर्बो आवृत्तीत कॉम्प्रेशनचे प्रमाण ८.५ आणि नंतरच्या आवृत्तीत ९.० आहे, त्यामुळे दोन्ही रोटर एकाच आवृत्तीचे हवेत. शिवाय रोटरवर वजनाच्या वर्गाचे अक्षर कोरलेले असते आणि ते जुळले नाही तर संतुलन बिघडते. मागचे हाउसिंग बदलले, पुढचे तेच ठेवले. सहाही अ‍ॅपेक्स सीले, स्प्रिंगा, त्या सीलांच्या टोकांशी बसणारी कोपऱ्याची सीले आणि पाण्याची रबरी सीले नवी घातली.

बाजूच्या सीलचे, म्हणजे रोटरच्या सपाट बाजूंवरून प्लेटांना टेकणाऱ्या पट्ट्यांचे, काम सर्वांत चिकाटीचे होते. प्रत्येक सील आपापल्या खाचेत ठेवून, कोपऱ्याच्या सीलपर्यंतची फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरमध्ये येईपर्यंत टोक घासावे लागते, आणि घासलेले सील दुसऱ्या जागी चालत नाही. मेस्त्रींनी ही फट सगळीकडे ०.०६ च्या आसपास आणली. अ‍ॅपेक्स सील कितीही चांगले घेतले तरी ही फट ढिली राहिली तर कॉम्प्रेशन तिथूनच निघून जाते, आणि दोष मात्र अ‍ॅपेक्स सीलच्या माथी मारला जातो.

वेस्टगेटचे भोक मोठे करून कडा गोलावल्या, टर्बाइनचे चाक बदलून संतुलित करून घेतले, इंधनाचा पंप मोठा बसवला आणि नवा प्रोग्रॅम करता येणारा संगणक लावला. पुण्याच्या ट्यूनरने, म्हणजे संगणकातला इंधनाचा हिशेब लावणाऱ्या तंत्रज्ञाने, बूस्टखालचे मिश्रण लॅम्डा ०.७५ वर ठेवले. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा आणि इंधन पूर्ण जळण्यासाठी लागणारी हवा यांचे गुणोत्तर. हवा-इंधनाच्या नुसत्या आकड्याऐवजी लॅम्डा वापरण्याचा आग्रह मुद्दाम धरला होता, कारण पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण बदलले तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. इंधनाचा दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की संगणक बूस्ट तोडतो.

तेलाचा मूळ मीटरिंग पंप चालू ठेवला. तो इंजिनाच्या तेलाचे थेंब सीलपर्यंत पोहोचवतो. त्याशिवाय दर १० लिटर पेट्रोलमागे ५० मिलिलिटर चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक तेल टाकीत घालण्याचे ठरले.

परिणाम

जुळणी झाल्यावर लगेच घेतलेले कॉम्प्रेशन ६.५ ते ६.९ मध्ये होते, म्हणजे मर्यादेच्या थोडेच वर. नवी सीले भिंतीवर बसेपर्यंत हे अपेक्षित असते, तरी मालकांच्या चेहऱ्यावरची काळजी लपली नाही. पहिले १५०० किलोमीटर बूस्टविना आणि इंजिनाचे फेरे बेतात ठेवून, पण एकाच वेगावर न रेंगाळता गाडी चालवली. त्यानंतर सहाही कक्ष ७.७ ते ८.० मध्ये आले आणि दोन रोटरमधला फरक नगण्य राहिला. आंबा घाटात त्याच चढावर बूस्ट ०.५५ वर स्थिर राहिला आणि लॅम्डा हलला नाही.

पावसाळ्यापूर्वी इंजिनात प्लगच्या भोकातून तेल फवारले, एक्झॉस्टचे तोंड बंद केले, टाकी काठोकाठ भरली, म्हणजे रिकाम्या जागेतली दमट हवा पेट्रोलमधल्या इथेनॉलला मिळू नये, आणि दर आठवड्याला पुली हाताने थोडी फिरवायची असे ठरवले. बाजूच्या प्लेटा आणि सीले दोन्ही लोखंडाची असल्याने, रोटर तीन महिने एकाच जागी थांबला तर सील खाचेत गंजून धरते. मग ते भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि पुढच्या सुरुवातीला क्रोमवर गंजाची रेघ उमटते. सप्टेंबरअखेर मागच्या रोटरचा एक कक्ष ६.७ वर उतरलेला दिसला. गरम इंजिनाने काही दिवस नियमित चालवल्यावर तो ७.६ वर परतला. म्हणजे सील अडकले होते, झिजले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

गाडी विकत घेतानाच रोटरीचे उपकरण लावून तिन्ही कक्षांचे आकडे घेतले असते आणि मोकळ्या एक्झॉस्टबरोबर वेस्टगेट तपासले असते, तर एक हाउसिंग, एक रोटर आणि एक टर्बाइन वाचले असते. एक्झॉस्ट बदलणे हे स्वस्त आणि आवाजाने सुखावणारे काम आहे, म्हणून ते आधी केले जाते. त्यामुळे लागणारा पंप आणि संगणक नंतरवर टाकला जातो. क्रम उलटा हवा.

पुढचे हाउसिंग ठेवण्याचा निर्णय आजही मला पूर्णपणे सुखाचा वाटत नाही. खपली घासपट्ट्याबाहेर आहे हे खरे, पण क्रोमचा काठ उचलला की तो हळूहळू आत सरकतो. ते हाउसिंग त्याच वेळी बदलले असते तर खर्च वाढला असता, पण दोन्ही बाजूंचा हिशेब एकाच दिवशी सुरू झाला असता. आता प्लगच्या भोकातून एंडोस्कोपने दरवर्षी त्या काठाकडे पाहावे लागेल.

सील निवडण्याबाबत मेस्त्रींचे मत बदललेले नाही आणि ते बदलावे असे मी म्हणणारही नाही. ज्या मालकांकडे लॅम्डा दाखवणारे उपकरण नाही, ज्यांना प्रत्येक वेळी ओळखीच्या पंपावर जाता येत नाही, किंवा ज्यांची गाडी अनेक जण चालवतात, त्यांना मी आजही चिवट सीलच सुचवेन आणि झीज लवकर होणार हे आधीच सांगेन. या गाडीच्या मालकांनीही एक आकडा ठरवून ठेवला आहे: पावसाळ्यानंतर पुरेशी चालवूनही कोणताही कक्ष ६.५ च्या वर परतला नाही, तर इंजिन पुढचा घाट चढण्याआधी उघडले जाईल, आणि तेव्हा पुढच्या हाउसिंगसकट सीलची निवड नव्याने होईल.